कीफ्रेम बरोबर, तरी हालचाल तरंगते

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. मी सांगलीला राहते आणि कॅरेक्टर ॲनिमेशनच्या डिप्लोमाच्या शेवटच्या सत्रात आहे. डेमो रीलसाठी (कामाचे नमुने दाखवणारी चित्रफीत) ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये दोन शॉट करते आहे. पहिल्यात फुटबॉल दोन मीटरवरून पडतो, उसळतो आणि घरंगळत थांबतो. दुसऱ्यात एक मुलगी चालत येते आणि टेबलावरचा कप उचलते. ब्लॉकिंग, म्हणजे मुख्य पोजचा कच्चा आराखडा, पाहून सर खूश होते. मग मी सगळे की (ठरावीक फ्रेमवर नोंदवलेल्या पोज, म्हणजे कीफ्रेम) सिलेक्ट करून बेझिअर केले, म्हणजे मधली हालचाल गुळगुळीत केली, आणि सगळं पाण्यात चालल्यासारखं दिसायला लागलं. चेंडूला वजनच नाही. मुलीचे पाय घसरतात, हात थांबल्यावरही थोडा हलत राहतो, मनगट एका जागी गर्रकन फिरतं आणि कप हात लागायच्या आधीच सरकतो. जिथे जिथे बिघडलं तिथे मी आणखी की टाकत गेले. आता दर दोन फ्रेमला एक की आहे आणि हात थरथरतो. हालचालीचे आलेख दाखवणारा ग्राफ एडिटर उघडला की रंगीत रेघांचा नुसता गुंता दिसतो, म्हणून तो मी टाळते. रील पाठवायला तीन आठवडे आहेत. सगळं पुसून पुन्हा सुरू करू का?

उत्तर

नको, पुसू नका. निम्मं निदान तुमच्या पत्रातच आहे: ब्लॉकिंगपर्यंत सगळं ठीक होतं, बेझिअर केल्यावर बिघडलं. म्हणजे पोज बरोबर आहेत आणि ढोबळ टायमिंगही बरोबर आहे. बिघाड दोन कीफ्रेमच्या मधल्या जागेत आहे, आणि त्या जागेत काय घडावं हे तुम्ही अजून ठरवलेलंच नाही. सध्या ते ब्लेंडर ठरवतंय. ग्राफ एडिटरमधलं काम म्हणजे तो निर्णय स्वतःकडे घेणं. त्यासाठी की वाढवावे लागत नाहीत. उलट तुमच्या फाइलमधले निम्म्याहून जास्त की काढून टाकावे लागतील.

आधी फाइलची प्रत वेगळ्या नावाने ठेवा. ब्लॉकिंगच्या वेळची जुनी फाइल असेल तर फारच उत्तम, मुलीच्या शॉटसाठी तीच उघडा. दर दोन फ्रेमच्या कींमधून वाट काढण्यापेक्षा तिथून पुढे येणं कितीतरी सोपं आहे.

रेघ वाचायची कशी

आडव्या अक्षावर फ्रेम, उभ्या अक्षावर किंमत. रेघेचा उतार म्हणजे वेग. रेघ सपाट असेल तर वस्तू थांबलेली, सरळ तिरकी असेल तर वेग एकसारखा, वाकत असेल तर वेग वाढतोय किंवा कमी होतोय. रेघ कुठे आहे याआधी ती किती तिरकी आहे हे पाहायची सवय लावा. आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरचे धडे पाहून ब्लेंडरकडे येणारे इथे हमखास गोंधळतात, कारण तिथे किंमत दाखवणारा आणि वेग दाखवणारा असे दोन वेगळे ग्राफ असतात. वेगाच्या ग्राफमध्ये रेघ वर म्हणजे वस्तू जोरात. ब्लेंडरचा ग्राफ फक्त किंमत दाखवतो. त्यात रेघ कितीही उंच असली तरी सपाट असेल तर वस्तू जागच्या जागी आहे.

सगळे की निवडून कीबोर्डवर टी दाबून बेझिअर केलं, की सहसा हँडल (कीच्या दोन्ही बाजूंचे, रेघेचा आकार ठरवणारे दांडे) ऑटो क्लॅम्प्ड प्रकारचे असतात. या प्रकाराचा नियम साधा आहे: जिथे किंमत सर्वांत वर किंवा सर्वांत खाली जाते तिथे हँडल आडवं ठेवायचं. हाताच्या झोक्याला हे शोभतं, कारण हात टोकाला खरंच मंदावतो. चेंडू जमिनीला टेकतो तोही आलेखातला सर्वांत खालचा बिंदू असतो, पण तिथे चेंडूचा वेग सर्वांत जास्त असतो. ब्लेंडरला हा फरक कळत नाही, म्हणून तो तिथेही हँडल आडवं करतो आणि चेंडू जमिनीवर अलगद उतरतो. बेझिअर हे नाव ज्यांच्यावरून आलं ते बेझिए हे फ्रान्सच्या रेनो मोटार कंपनीतले अभियंता. गाडीच्या पत्र्याचे गुळगुळीत वळसे गणिताने मांडता यावेत म्हणून १९६०च्या दशकात त्यांनी ही रेघ वापरात आणली. गुळगुळीतपणा हा तिचा मूळ स्वभाव आहे. आदळणाऱ्या वस्तूला मात्र कोपरा लागतो आणि तो तुम्हालाच करून द्यावा लागतो.

गुंता आधी आवरा

डोप शीटवर (कींची वेळ दाखवणारी खिडकी) माउस ठेवून कंट्रोल-टॅब दाबलं की ग्राफ एडिटर येतो. वरच्या पट्टीत बाणाचं चिन्ह आहे, ते चालू ठेवा म्हणजे फक्त निवडलेल्या बोनचेच (पात्राच्या सांगाड्यातलं हाड) कर्व्ह, म्हणजे रेघा, दिसतील. एका वेळी एकच बोन निवडा. डावीकडच्या यादीतून एकच चॅनेल (एका अक्षावरची जागा किंवा फिरणं) निवडून शिफ्ट-एच दाबलं तर बाकीचे कर्व्ह लपतात, ऑल्ट-एचने परत येतात. होम दाबलं की रेघ खिडकीत नीट बसते.

नॉर्मलाइझ नावाचा एक पर्याय आहे. जागा मीटरमध्ये आणि फिरणं अंशांमध्ये असल्यामुळे दोन्ही एकत्र पाहिले तर एक रेघ डोंगराएवढी आणि दुसरी जमिनीला चिकटलेली दिसते. नॉर्मलाइझ केल्यावर सगळ्या एका उंचीत येतात आणि कोणता की कोणाच्या आधी आहे हे कळतं. उतार तपासताना मात्र ते बंद करा, कारण त्यात अर्ध्या अंशाची थरथरही मोठ्या लाटेसारखी दिसते आणि माणूस नसलेला दोष दुरुस्त करत बसतो.

प्लेबॅक खऱ्या गतीने होतोय का, हेही आत्ताच पाहा. व्ह्यूपोर्टच्या (दृश्य दिसतं त्या खिडकीच्या) कोपऱ्यात फ्रेम रेटचा आकडा लाल दिसत असेल तर तुम्ही हळू चालणारा शॉट पाहताय आणि त्यावरून टायमिंगबद्दल काहीही ठरवता येणार नाही. जड मॉडेल लपवा, किंवा व्ह्यूपोर्टमधूनच झटपट रेंडर काढून तो पाहा. फ्रेम रेट २४ ठेवायचा की २५ हे आज ठरवा आणि मग त्याला हात लावू नका. पुढचे सगळे आकडे २५ धरून आहेत.

चेंडू

हा शॉट आधी संपवा. यात अंदाज लागत नाही, गणित पुरतं. वरून सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडते आणि अंतर वेळेच्या वर्गाने वाढतं. त्या हिशोबाने २ मीटर पडायला ०.६४ सेकंद, म्हणजे १६ फ्रेम. १ मीटरला ११, अर्ध्या मीटरला ८, पाव मीटरला ६ आणि साडेबारा सेंटिमीटरला ४. प्रत्येक उसळीची उंची आधीच्या निम्मी धरली (हवा भरलेल्या फुटबॉलला हे शोभतं) तर तुमचे की असे येतात: फ्रेम १ वर २ मीटर, १७ वर जमीन, २८ वर १ मीटर, ३९ वर जमीन, ४७ वर अर्धा मीटर, ५५ वर जमीन, ६१ वर पाव मीटर, ६७ वर जमीन, ७१ वर साडेबारा सेंटिमीटर, ७५ वर जमीन. पुढे एक-दोन बारीक उसळ्या, मग घरंगळणं. ही उंची चेंडूच्या तळाची आहे. चेंडूचा मध्य धरून काम करत असाल तर प्रत्येक किमतीत त्रिज्या मिळवा. फुटबॉलची त्रिज्या साधारण ११ सेंटिमीटर असते.

आता सध्याची फाइल तपासा. फ्रेम ९ वर, म्हणजे पडण्याच्या निम्म्या वेळेत, चेंडू फक्त पाव अंतर पडलेला असायला हवा, म्हणजे तळ १.५ मीटरवर. दोन्ही टोकांना आडवी हँडल असतील तर तो नेमका १ मीटरवर सापडेल. शेवटच्या एका फ्रेममध्ये खरा चेंडू २४ सेंटिमीटर पडतो, तुमचा दोन सेंटिमीटरच्या आसपास पडत असेल. ‘वजन नाही’ असं जे वाटतंय त्याचं कारण हा फरक आहे.

दुरुस्ती अशी करा. जमिनीवरचे सगळे की निवडा, व्ही दाबा, फ्री निवडा. आता डावं आणि उजवं हँडल वेगवेगळं हलेल. एन दाबून बाजूची पट्टी उघडा. तिथे एफ-कर्व्हच्या भागात चालू कीच्या हँडलचे फ्रेम आणि किंमत आकड्यांनी भरता येतात. नियम एवढाच: हँडलची आडवी लांबी त्या पडण्याच्या किंवा उसळण्याच्या वेळेच्या एक तृतीयांश. वरच्या कीचं हँडल सपाट, खालच्या कीचं हँडल उंचीच्या दोन तृतीयांशावर. पहिल्या पडण्यासाठी फ्रेम १ च्या कीचं उजवं हँडल ६.३३ वर, किंमत २. फ्रेम १७ च्या कीचं डावं हँडल ११.६७ वर, किंमत १.३३. उसळीसाठी त्याच कीचं उजवं हँडल २०.६७ वर, किंमत ०.६७, आणि फ्रेम २८ च्या कीचं डावं हँडल २४.३३ वर, किंमत १. असं केलं की बेझिअर रेघ तंतोतंत गुरुत्वाकर्षणाची रेघ होते, नुसती तिच्यासारखी नाही. जमिनीपाशी टोकदार व्ही आणि वर गोल कमान दिसायला हवी.

आकडे भरायचा कंटाळा येत असेल तर दुसरा रस्ता आहे. वरचे की निवडून टी दाबा, क्वाड्रॅटिक (वर्गाने बदलणारी रेघ) घ्या, मग कंट्रोल-ई दाबून इज-इन (हळू सुरुवात). जमिनीवरच्या कींना क्वाड्रॅटिक आणि इज-आउट (हळू शेवट). इंटरपोलेशन (दोन कींमधली रेघ भरायची ही पद्धत) नेहमी त्या कीच्या पुढच्या तुकड्याला लागतं, म्हणून वरचा की पडणं ठरवतो आणि खालचा की उसळणं. निकाल तोच मिळतो, पण हँडल हातात राहत नाहीत. शिखरावर चेंडू अर्धा फ्रेम जास्त रेंगाळावा असं वाटलं तर बेझिअरकडेच परत यावं लागतं. टीच्या यादीत बाउन्स नावाचंही इंटरपोलेशन आहे. त्याने एका झटक्यात उसळ्या मिळतात, पण त्यांची संख्या आणि कमी होण्याचं प्रमाण ठरीव असतं. रीलमधल्या शॉटसाठी ते वापरू नका.

आडव्या दिशेचा कर्व्ह हा दुसरा सापळा आहे. आय दाबून की टाकताना सगळ्या अक्षांवर की पडले असतील, तर चेंडू प्रत्येक टप्प्याला आडवाही अडखळेल. उसळ्या चालू असेपर्यंत आडव्या अक्षावर सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोनच की ठेवा आणि मध्ये लिनिअर, म्हणजे सरळ रेघ. मधले की डिलीट करा. बारकाई हवी असेल तर प्रत्येक टप्प्यावर उतार थोडा कमी करा, कारण घासण्यात थोडा वेग जातो. पण रेघ कुठेही सपाट होऊ देऊ नका. घरंगळण्याच्या भागात ती हळूहळू सपाट होत थांबते. तिथे फिरण्याचा हिशोबही जुळवा: ११ सेंटिमीटर त्रिज्येचा चेंडू एका फेरीत ६९ सेंटिमीटर पुढे जातो. घरंगळून २ मीटर गेला तर साधारण १०४० अंश फिरला पाहिजे. फिरण्याचा आणि सरकण्याचा कर्व्ह एकाच आकाराचा असायला हवा, नाहीतर चेंडू बर्फावरून घसरतोय असं वाटतं.

चपटा होणं टेकण्याच्या एका फ्रेमपुरतंच ठेवा. उभी मापं ०.८ केली तर आडवी दोन्ही १.१२, म्हणजे चेंडूचं आकारमान बदलत नाही. आधीच्या आणि नंतरच्या फ्रेमवर १. या कींना व्हेक्टर हँडल (शेजारच्या कीकडे सरळ रोखलेली) द्या, कारण गोल हँडल किंमत १ च्या पलीकडे नेतात आणि हवेत असलेला चेंडू श्वास घेतल्यासारखा फुगतो. चेंडू फिरतही असेल तर चपटेपणा त्याच वस्तूवर देऊ नका, तो चेंडूबरोबर फिरून भलत्या दिशेला चपटा होईल. एक एम्प्टी (रेंडरमध्ये न दिसणारी रिकामी वस्तू) पालक करा, जागा आणि चपटेपणा त्याच्यावर, फिरणं चेंडूवर. एम्प्टीचा बिंदू चेंडूच्या तळाशी ठेवलात तर चपटा होताना चेंडू जमिनीतही घुसणार नाही.

कप आधीच का सरकतो

हे पाच मिनिटांचं काम आहे, पण कारण समजून घ्या. कप हाताला जोडण्यासाठी तुम्ही बहुधा चाइल्ड ऑफ कन्स्ट्रेंट (एका वस्तूला दुसरीमागे नेणारा दुवा) वापरलंय आणि त्याच्या इन्फ्लुएन्सला, म्हणजे जोराला, ० आणि १ असे की दिलेत. सगळं एकदम बेझिअर करताना तेही बेझिअर झाले. आता इन्फ्लुएन्स ० वरून १ वर हळूहळू चढतो आणि कप त्या वेळात हाताकडे सरकत जातो. तो कर्व्ह निवडा, टी, कॉन्स्टंट. रेघ पायरीसारखी दिसली पाहिजे आणि पायरी बरोबर पकडण्याच्या फ्रेमवर पडली पाहिजे. आयके-एफके (अवयव टोकाकडून हलवायचा की एकेका सांध्यातून) बदलणारे स्विच आणि जागा बदलणारे इतर सगळे कन्स्ट्रेंट याच रीतीने तपासा. यापुढे एकदम सगळं निवडून बेझिअर करायचं असेल तर हे चॅनेल आधी लॉक करा. यादीत त्यांच्यापुढे कुलपाचं चिन्ह असतं.

पाय

पाय घसरण्याची कारणं दोन आणि दोन्हीवरचे उपाय वेगळे, म्हणून आधी तुमचं चालणं कोणत्या प्रकारचं आहे ते पाहा.

मुलगी खरोखर पुढे सरकते आणि आयकेचा पाय जगात एका जागी रोवला जातो, असं असेल तर पाय टेकण्याच्या फ्रेमपासून उचलण्याच्या फ्रेमपर्यंत पुढे-मागे आणि बाजूचा असे दोन्ही कर्व्ह अगदी सपाट हवेत. दोन्ही कींची किंमत दशांशापर्यंत एकच आहे का, हे बाजूच्या पट्टीत पाहा. ०.४२१ आणि ०.४२६ मधला फरक ग्राफमध्ये दिसत नाही, पडद्यावर दिसतो. किंमत एक असूनही मध्ये पोट पडत असेल तर हँडल अलाइन्ड किंवा साधं ऑटोमॅटिक आहे. दोन्ही की निवडून व्ही, व्हेक्टर. उंचीच्या कर्व्हलाही हेच. पाय जमिनीत बुडतोय की नाही हे पाहायला ग्राफ एडिटरचा कर्सर कामाला येतो. बाजूच्या पट्टीतल्या व्ह्यू भागात त्याची उभी किंमत पाय टेकलेला असतानाच्या किमतीएवढी करा. आडवी रेघ मिळते, कर्व्ह तिच्याखाली गेला की पाय जमिनीखाली गेला.

जागच्या जागी चालण्याची सायकल (पुन्हा पुन्हा चालणारा तुकडा) करून रूट बोन (सगळं पात्र हलवणारा मूळ बोन) पुढे ढकलत असाल तर गणित उलटं आहे. तिथे टेकलेला पाय मागे सरकत राहतो आणि रूट तितक्याच वेगाने पुढे जातो. एक पाऊल ७० सेंटिमीटर आणि १२ फ्रेमचं असेल तर १२ फ्रेममध्ये पाय ७० सेंटिमीटर मागे, रूट ७० सेंटिमीटर पुढे, आणि त्या काळात दोन्ही रेघा सरळ, लिनिअर. एक बेझिअर आणि एक लिनिअर असेल तर पाय मध्येच पुढे आणि मध्येच मागे घसरतो. कींच्या किमती बरोबर असल्यामुळे दोष सापडत नाही आणि लोक रूटला जादा की देत बसतात. सायकलच्या सांध्यावर पहिल्या आणि शेवटच्या कीची किंमत तर सारखी हवीच, उतारही सारखा हवा. २४ फ्रेमची सायकल असेल तर की १ आणि २५ वर, पण प्ले १ ते २४. २५ धरून प्ले केलंत तर तीच पोज दोनदा येते आणि दर फेरीला बारीक उचकी दिसते.

पण तुमची मुलगी टेबलापाशी येऊन थांबते. थांबण्याच्या शेवटच्या दोन पावलांना सायकल चालत नाही, ती हातानेच करावी लागतात. त्यासाठी पहिला प्रकार निवडा.

हात थांबत का नाही

ही गोष्ट जरा सावकाश पाहा, कारण इथे चूक आणि चांगलं काम एकमेकांसारखं दिसतं. दोन सारख्या किमतींच्या मध्ये रेघ आधी एका बाजूला फुगते आणि मग परत येते, ती चूक. हँडल बदलली की जाते. पण मग हात इतका गच्च थांबतो की पात्र मेल्यासारखं दिसतं, आणि थ्रीडीत हे फार लवकर जाणवतं. म्हणून थांबण्याच्या काळात हात त्याच दिशेने अगदी थोडा पुढे जात ठेवतात. खांदा ४० अंश उचलून थांबला असेल तर पुढच्या १२ ते १६ फ्रेममध्ये तो एक अंश आणखी वर जाऊ द्या, आणि येणाऱ्या रेघेचा उतार मंदावत त्या एका अंशात मिसळू द्या. दिशा तीच राहिली पाहिजे. उलट फिरली की प्रेक्षकाला लगेच सैलपणा दिसतो.

मुद्दाम थोडं पुढे जाऊन परत यायचं असेल, तर तो निर्णय स्पष्ट कीनेच करा. कोपर ६० अंशांवर थांबायचं आहे तर ६४ वर एक की आणि तिथून पाच-सहा फ्रेमनी ६० वर दुसरा. हँडल ओढून मिळालेला फुगवटा नंतर शेजारचा की हलवला की बदलतो, कीने दिलेला टिकतो.

सगळं एकाच फ्रेमवर सुरू होतं आणि एकाच फ्रेमवर थांबतं, हेही ‘पाण्यात’ वाटण्याचं मोठं कारण आहे. ब्लॉकिंगमध्ये सगळ्या बोनचे की एकाच रांगेत असतात, ते ठीकच. आता कंबर जागच्या जागी ठेवा, छाती एक फ्रेम उशिरा, खांदा आणि कोपर आणखी एक-एक, मनगट दोन. त्या बोनचे की निवडून जी, एक्स आणि आकडा. अपवाद पकडण्याचा क्षण. बोटं कपाला लागतात त्या फ्रेमवर हातातल्या सगळ्या बोनचे की जागेवरच राहिले पाहिजेत, नाहीतर बोटं कपात घुसतील. उशिरा सरकवायचं ते त्याच्या आधीचं आणि नंतरचं.

मनगटाची गिरकी

मनगटाचा रोटेशन मोड पाहा. ऑइलर (तीन अक्षांवरच्या कोनांत फिरणं मांडणारा) असेल तर कर्व्हमध्ये बहुधा १७० वरून उणे १७० वर उडी सापडेल. प्रत्यक्षात तो २० अंशांचा फरक, पण रेघेला तो ३४० अंशांचा वाटतो आणि ती लांबचा रस्ता धरते. एक्स, वाय, झेड तिन्ही फिरण्याचे कर्व्ह निवडा आणि ग्राफ एडिटरच्या मेनूतून डिसकंटिन्युइटी ऑइलर फिल्टर चालवा. नाही जमलं तर उडीच्या पुढचे सगळे की निवडून ३६० अंश वर सरकवा: जी, वाय, ३६०. तरीही मनगट वळसा घेत असेल तर मधला अक्ष ९० अंशांच्या जवळ गेलाय आणि दोन अक्ष एकावर एक आलेत. अशा वेळी की टाकून तो वळसा झाकता येत नाही. ऑइलरचा क्रम असा निवडावा लागतो की सर्वांत कमी फिरणारा अक्ष मधे येईल.

मोड क्वाटर्नियन (फिरणं चार आकड्यांत मांडणारा) असेल तर डब्ल्यू, एक्स, वाय, झेड असे चार कर्व्ह दिसतील. त्यातला एकटा कर्व्ह ओढून काही अर्थपूर्ण मिळत नाही, चौघांचे की एका फ्रेमवर ठेवा आणि चौघांची हँडल एकत्र बदला. गिरकीचं कारण तिथे वेगळं असतं: चारही किमतींची चिन्हं एकदम उलटी झालेली असतात. पोज तीच राहते, पण रेघा शून्यातून आरपार जातात. उडीच्या पुढच्या कींमध्ये चारही किमतींची चिन्हं बदला. ऑइलर फिल्टरचा इथे उपयोग नाही.

थरथर

जुनी ब्लॉकिंग फाइल नसेल तरच हे करा. दर दोन फ्रेमला की असलेल्या हातात प्रत्येक की रेघेपासून किंचित इकडे-तिकडे आहे, म्हणून उतार दर दोन फ्रेमला बदलतो. तो बदल म्हणजेच थरथर. स्मूदची आज्ञा देऊन ती कमी होते खरी, पण पकडण्याच्या आणि टेकण्याच्या कोपऱ्यांचीही धार जाते. की आपोआप कमी करणारं डेसिमेट मोशन कॅप्चरच्या (खऱ्या माणसाच्या हालचालीवरून टिपलेल्या) दाट कींसाठी चांगलं, तुमच्या हाताने टाकलेल्या कींसाठी मी ते सुचवणार नाही, कारण कोणता की महत्त्वाचा हे त्याला माहीत नसतं.

एकेक चॅनेल घ्या. शिखरं, दऱ्या, थांबण्याची सुरुवात आणि शेवट, कशाला तरी स्पर्श होतो तो फ्रेम, आणि प्रत्येक मोठ्या हालचालीत एक मधली पोज, एवढे की राखा. बाकीचे डिलीट करा. आकार बिघडला तर आधी हँडलची लांबी वाढवून पाहा. लांब हँडल म्हणजे त्या पोजपाशी जास्त रेंगाळणं, आखूड म्हणजे पटकन निघणं. हँडल शेजारच्या कीच्याही पलीकडे ओढलंत तर परिणाम थांबतो, कारण रेघ काळात मागे जाऊ शकत नाही आणि ब्लेंडर ते आपोआप आखूड धरतो. हँडलने जमत नसेल तेव्हाच नवा की. मग मनगटाचा मोशन पाथ (प्रत्येक फ्रेमची जागा ठिपक्यांनी दाखवणारा मार्ग) काढा. ठिपके एका वळणदार कमानीवर आहेत का, त्यांच्यातलं अंतर हळूहळू वाढून हळूहळू कमी होतं का, हे तिथे एका नजरेत कळतं. मध्येच जवळ-जवळ आलेले दोन ठिपके म्हणजे विसरून राहिलेला जादा की.

तीन आठवड्यांचा क्रम

चेंडूला तीन दिवस, त्यातला एक फक्त आडव्या कर्व्हला आणि घरंगळण्याला. मग मुलीची कंबर, आधी उंचीचा कर्व्ह, नंतर पुढे जाण्याचा. कंबर हलली की वरचं सगळं हलतं, म्हणून ती शेवटाला ठेवलीत तर हाताचं काम दोनदा करावं लागेल. त्यानंतर पाय, आणि पाय पक्के होईपर्यंत वरचे सगळे बोन लपवून ठेवा. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस पाठ, डोकं, उजवा हात आणि कपाचं स्विच. डावा हात त्यानंतर. बोटांचे आणि केसांचे कर्व्ह वेळ उरला तर. नाहीच उरला तर बोटं ब्लॉकिंगच्या पोजमध्ये ऑटो क्लॅम्प्डवर सोडून द्या, तिथे ते बऱ्यापैकी चालतं. कमी पडलेला वेळ कंबर आणि पायांतून काढू नका. प्रत्येक टप्प्याचा व्ह्यूपोर्ट रेंडर तारीख घालून ठेवा आणि सरांना शेवटचाच न दाखवता आदला आणि नवा शेजारी लावून दाखवा. कोणत्या कर्व्हने काय बदललं हे त्यांना तसं नेमकं सांगता येईल.